टिपणीसकाकांचा पाचवा मजला

दर रविवारी दुपारी साडेबाराच्या पुढेमागे आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून एक शब्द ऐकू येतो. "आलो."

एकदाच. ओरडून नाही, पण स्पष्ट, घरातल्या माणसाच्या हाकेला द्यावं तसं उत्तर. त्यानंतर खुर्ची सरकते, नळ वाजतो आणि पलीकडे सामसूम होते. ती भिंत आमची आणि टिपणीसकाकांची सामायिक आहे. काका घरात एकटे राहतात. त्या वेळी दाराची बेल वाजलेली नसते, फोन वाजलेला नसतो, घरात कुत्रं-मांजर काही नाही. मग हा माणूस "आलो" म्हणतो कोणाला?

आम्ही या घरात राहायला येऊन आठ वर्षं झाली. आठ वर्षांत आमच्या ह्यांनी या "आलो"वर बरेच सिद्धांत मांडले आणि मागे घेतले. पहिल्या वर्षी त्यांना वाटलं, मागच्या दाराशी दूधवाला येत असेल. मग कळलं की काकांना मागचं दारच नाही. पुढे देवावर झालं, टीव्हीवर झालं, आणि शेवटी "वय झालं की होतं असं" इथे येऊन ते थांबले. मी शाळेत गणित शिकवते, सिद्धतेशिवाय काही मानत नाही. पण भाजी ढवळता ढवळता माझाही हात त्या शब्दासाठी थांबायचा, हे कबूल करते.

मनोहर टिपणीस, वय चौऱ्याहत्तर. ऐन तारुण्यात साताऱ्याकडून देवासला कारखान्यात नोकरीसाठी आले, तिथली मोजमापाची यंत्रं सांभाळत निवृत्त झाले आणि इथलेच होऊन गेले. उंच, किरकोळ, शर्टाच्या खिशात पेन्सिल, खोडरबर आणि आलेखाचा घडी घातलेला कागद. हा कागद माझ्याकडून जातो. अख्ख्या दहावीच्या वर्गाला वर्षभरात लागत नाहीत एवढे आलेखाचे कागद काका एकटे नेतात. "मास्तरीणबाई, चौकटीचा कागद आहे का?" हे त्यांचं आमच्या दारातलं पहिलं वाक्य. नमस्कार, चहा, ख्यालीखुशाली सगळं त्याच्या मागून.

चौकटीचा कागद लागतो भुयारासाठी, आणि भुयार काकांच्या पुढच्या खोलीत आहे.

घाबरू नका. भुयार म्हणजे कंप्युटरवरचा एक खेळ. पण कंप्युटर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं ते पुसून टाका. काकांचा कंप्युटर म्हणजे जाडसर पाटीएवढं काळं खोकं, त्यावरच अक्षरांची बटणं. कॅसेटच्या जमान्यात त्यांचा एक चुलतभाऊ विलायतेहून आला होता, तो ते देऊन गेला. एका वायरीनं ते जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडायचं, दुसरीनं कॅसेट रेकॉर्डरला. कॅसेट लावली की टीव्हीतून कान किटतील अशी किरकिर सुरू होते. ती पाच-सात मिनिटं चालते. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा उमटतात. त्या रेघा म्हणजे भिंती. आपण त्या भिंतींमधल्या बोळात हातात दिवा घेऊन उभे आहोत असं मानायचं आणि बटणं दाबत खाली खाली उतरायचं. एकूण पाच मजले. दिव्यात तेल मोजकं, थैलीत वस्तू आठच मावतात, आणि अंधारात राक्षस. राक्षस आधी दिसत नाही, आधी त्याच्या पावलांचा आवाज येतो.

हा एकच खेळ काका चाळीसएक वर्षं खेळत आहेत. मात्र त्याला खेळ म्हटलेलं त्यांना चालत नाही. खेळतात मुलं, काका उतरतात.

आता माणूस इतकी वर्षं भुयारात उतरला की थोडं भुयार त्याच्याबरोबर वर येणारच. काका कुठल्याही वळणावर सरळ वळत नाहीत. थांबतात, मान तिरकी करतात, ऐकतात आणि मग पाऊल टाकतात. "आधी कान, मग पाय," हे त्यांचं ब्रीदवाक्य. आमच्या कॉलनीतले स्कूटरवाले मागे अडकून पडतात, इकडच्या बोलीत भैयाचा भिया करून "भिया, चलो नी आगे" म्हणून हॉर्न वाजवतात, पण काका ढिम्म. एकदा मला शाळेला उशीर होत होता म्हणून त्यांना ओलांडून मी तरातरा पुढे गेले, तर वळणावर सांड उभा. मी उलट पावली पळत आले तेव्हा काका तिथेच मान तिरकी करून उभे होते. "नाकातून श्वास घेतो तो. ऐकू येतो," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून मीही वळणावर थोडी थांबते. कोणाला सांगत नाही.

भाजीबाजारात ते मोजून आठ जिन्नस घेतात. नववा घेत नाहीत. भाजीवाली कोथिंबीर फुकट देते, तीही नाही. "बाबूजी, धनिया तो ऊपर से है," ती म्हणते. काका विचारात पडतात, थैलीतलं एक लिंबू काढून तिला परत देतात आणि मग कोथिंबीर घेतात. ती बाई आता त्यांच्यासाठी कोथिंबीर आधीच पालकाच्या जुडीत बांधून ठेवते. काकांच्या कायद्यात एका दोरीत बांधलेलं एक धरतात.

आणि नकाशे. बँकेची नवी शाखा, मंगल कार्यालय, तहसील कचेरी, काका जिथे एकदा जातात तिथला नकाशा काढून येतात. त्यांचं म्हणणं असं की देवासला पूर्वी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि हद्द गावातूनच जायची. अशा गावात जो नकाशा न काढता फिरतो त्यालाच वेडा म्हणायला हवं. मी हसायची. मग आमच्या ह्यांना मुतखड्यासाठी इंदूरच्या एका मोठ्या रुग्णालयात ठेवावं लागलं. पहिल्याच दिवशी वॉर्डबॉयनं ह्यांना खुर्चीत बसवून नेलं ते तासभर सापडले नाहीत. दुसऱ्या दिवशी काका भेटायला आले आणि संध्याकाळी माझ्या हातात चौकटीचा कागद ठेवून गेले. जिने, लिफ्ट, पाण्याची टाकी, सगळं त्यावर होतं. एक्स-रेच्या पुढच्या बोळावर फुली मारून लिहिलं होतं, "इथे वाट आहेसे वाटते. नाही." तिसऱ्या दिवशी तिथल्या परिचारिका माझ्याकडे त्याची झेरॉक्स मागत होत्या.

भुयाराचे जुने नकाशे मात्र काकांच्या हातचे नाहीत. ते विजयाकाकूंचे. काकू आम्ही इथे येण्याच्या तीन वर्षं आधी गेल्या, मी त्यांना कधी पाहिलं नाही. माहेरच्या धारच्या. त्यांच्या घराण्यात पूर्वी दरबारची चाकरी होती, त्यामुळे मराठी अगदी जुन्या वळणाची, पान वाढतानाही अदब. काका कारखान्यातून येऊन खोक्यापुढे बसायचे आणि काकू स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून, ते सांगतील तशी वाट कागदावर उतरवायच्या. त्या नकाशांवर बाणाबरोबर हळदीची बोटंही आहेत. राक्षसांना नावंही त्यांनीच ठेवली. हळू चालणारा पण एकदा मागे लागला की पिच्छा न सोडणारा, तो पटवारी, म्हणजे तलाठी. न सांगता पाठीमागून गळ्यात पडणारा, तो भिया. आणि कितीही वार केले तरी न मरणारा, तो मामंजी. हे नाव काकूंचे सासरे इथे चार महिने राहून गेल्यानंतर पडलं असं काका सांगतात.

काकूंची एक गोष्ट काका फार रंगवून सांगतात. त्या काळी आमच्याकडच्या कितीतरी घरांत पत्राऐवजी कॅसेट पाठवायची पद्धत होती. पत्र लिहायला कंटाळा, फोन करायला पोस्टात रांग, म्हणून रेकॉर्डरपुढे बसून बोलायचं आणि कॅसेट बसनं जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती द्यायची. काकूंनी धारला आईसाठी अशीच एक कॅसेट बोलून ठेवली. काकांनी भुयाराच्या कॅसेटची एक नक्कल करून ठेवली होती, तीही तिथेच पडलेली. काकूंनी गडबडीत धारला जाणाऱ्या माणसाच्या हाती दिली ती ही भुयाराची नक्कल.

धारला माईंनी, म्हणजे काकांच्या सासूबाईंनी, लेकीचं पत्र आलं म्हणून शेजारपाजार गोळा केला. कॅसेट लावली. आतून किरकिर सुरू झाली. शेजारी एकेक करून उठले. माई मात्र पदर सावरून शेवटपर्यंत ऐकत बसल्या, कारण लेकीनं पाठवलंय. आणि रीत अशी की उत्तर त्याच कॅसेटवर भरून परत पाठवायचं. त्याप्रमाणे माईंनी भुयार पुसून त्यावर उत्तर भरलं: घसा फार बसलाय तुझा, एक शब्द लागला नाही, ज्येष्ठमधाचा काढा घे आणि जावईबापूंना आशीर्वाद सांग.

ही गोष्ट ऐकून मी दर वेळी डोळे पुसेपर्यंत हसते. एकदा मी विचारलं होतं, मग काकू जे खरं बोलल्या होत्या ते कुठे गेलं? काका म्हणाले, "ते राहिलं इथेच," आणि गच्चीच्या टाकीला झाकण बसवण्याचा विषय काढला.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते.

अख्ख्या कॉलनीला ठाऊक होतं की काकांना पाचवा मजला लागत नाही. प्रत्येक मजला कॅसेटवरून वेगळा भरावा लागतो आणि त्यांच्या कॅसेटवर पाचव्याच्या जागी मशीन अडकतं. येताजाता लोक विचारायचे, "काका, पार झालं का?" काका म्हणायचे, "चौथ्यापर्यंत." बस्स. रविवारी दहाला ते दार लावून बसायचे, कोणी भेटायला जायचं नाही, अडीच तासांत चार मजले उतरायचे आणि उठायचे. मला हे बघवत नसे. चाळीस वर्षं एक गणित करायचं आणि उत्तराची ओळ राहू द्यायची? चैत्रात त्यांना पंचाहत्तरावं लागणार होतं. आपण कुठून तरी तो पाचवा मजला मिळवायचा आणि वाढदिवसाला त्यांच्यापुढे ठेवायचा, असे मनातल्या मनात मी मांडे खात होते. लष्कराच्या भाकरी भाजण्याची मला हौस आहे, आमचे हे सांगतील.

आणि माघातल्या एका रविवारी "आलो" आलंच नाही.

त्याऐवजी आमची बेल वाजली. काका दारात उभे होते. एका हातात कॅसेट, दुसऱ्या ओंजळीत तिच्यातून बाहेर आलेली फितीची गुंतवळ. रेकॉर्डरनं फीत खाल्ली होती. त्यांचे हात गेल्या हिवाळ्यातल्या आजारपणापासून थरथरतात, नाहीतर असली कामं ते स्वतःच करायचे. त्यांनी त्या दिवशी चौकटीचा कागद मागितला नाही.

"मास्तरीणबाई, इंदूरला कोणी जुना माणूस असेल तर बघा. फक्त फीत सरळ करून आणायची," ते म्हणाले. "बाकी कशाला हात लावायचा नाही." कॅसेट त्यांनी धुतलेल्या रुमालात बांधून दिली.

इंदूरला जुन्या बाजारात एक रेडिओ दुरुस्त करणारे उस्ताद आहेत. दाढी पांढरी, चष्म्यावर भिंग. त्यांनी पेन्सिलीनं फीत गुंडाळली, दोन ठिकाणी सांधली, आपल्या रेकॉर्डरला घालून कंप्युटरवर तिच्या लाटा बघितल्या आणि म्हणाले, "फीता तो ठीक हो गया, मैडम. पर आख़िर में प्रोग्राम नहीं है, कुछ और भरा है. ये गेम पूरा पड़ा है मेरे पास. बोलो तो इसी में दुबारा भर दूँ."

माझा तर आनंद गगनात मावेना. देवानंच पाठवलं म्हणायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही हे शब्द माझ्या कानात होते, पण ते मी शिक्षिकेच्या थाटात बाजूला सारले. काकांना काय कळतंय त्यांच्या भल्याचं. उस्तादांनी कॅसेटच्या पाठीवर बोट ठेवलं. तिथे प्लास्टिकच्या दोन छोट्या पट्ट्या असतात, त्या तोडल्या की कॅसेटवर नवीन काही भरता येत नाही. त्या तोडलेल्या होत्या. "किसी ने जानबूझ के तोड़ी है," ते म्हणाले. मी म्हटलं, जुनी आहे, तुटल्या असतील. त्यांनी खांदे उडवले, भोकांवर चिकटपट्टी लावली, कॅसेट आत सरकवली आणि लाल बटणावर बोट ठेवलं.

मला खरंच सांगता येत नाही त्या क्षणी काय झालं. शहाणपण सुचलं असं म्हणणार नाही. आठ वर्षं एका माणसाबरोबर वळणावर थांबायची सवय, तेवढंच.

"रुकिए," मी म्हटलं. "पहले सुन तो लें."

उस्तादांनी बोट काढून शेजारचं बटण दाबलं. थोडी खरखर झाली आणि त्यातून एक बाई बोलू लागली. आवाज तरुण, गोड, आणि चारचौघांत उभं राहून बोलावं तसा अवघडलेला.

"तीर्थरूप माईच्या चरणी विजयाचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम, तिकडील खुशाली कळवीत असावे. अगंबाई, हे फिरतंय ना?"

मी हात पुढे करून ते बंद केलं.  काकू पत्र बोलल्या त्या भुयाराच्याच कॅसेटवर, पाचव्या मजल्याच्या जागेवर. ते इथेच राहिलं होतं. आणि एक लाल बटण दाबून मी ते कायमचं पुसणार होते, वर वाढदिवसाची भेट म्हणून कागदात गुंडाळून देणार होते. मला रडू आलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, पण आलं.

"अम्मा हैं किसी की?" उस्तादांनी विचारलं.

"चिट्ठी है," मी म्हटलं. "हमारी नहीं है."

त्यांनी चिकटपट्टी नखानं सोलून काढली. अख्खं भुयार एका दुसऱ्या, कोऱ्या कॅसेटवर भरून दिलं आणि मी न विचारताही दोन्ही कॅसेटवर वेगवेगळ्या रंगाच्या खुणा केल्या.

देवासला परतताना मी ठरवत होते की काकांना काही सांगायचंच नाही. पण काकांनी रुमाल सोडला आणि पहिला अंगठा फिरवला तो कॅसेटच्या पाठीवर. तिथे डिंकाचा चिकटा राहिला होता. ते माझ्याकडे बघत राहिले. मग मी सगळं सांगितलं, काही हातचं न राखता, वर्गात कॉपी सापडलेल्या मुलीसारखं उभं राहून.

"ऐकलंत?" त्यांनी विचारलं.

"नमस्कारापर्यंत. मग बंद केलं. दुसऱ्याचं पत्र होतं."

 मी दुसरी कॅसेट पुढे केली आणि हळूच म्हटलं की यात पाचवा मजला आहे. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि मला परत दिली. "तिथे आमच्या ओळखीचं कोणी नाही," ते म्हणाले. "तुम्ही उतरा कधीतरी. चौकटीचा कागद तुमच्याकडे आहेच." मग दार लावता लावता म्हणाले, "रविवारी दहाला या. जेवायला थांबायचं."

आठ वर्षांत रविवारी दहा वाजता त्या दारातून आत गेलेली मी पहिली माणूस असेन. काकांनी सकाळीच कणकेचे गोळे उकडून, भाजून बाफले करून तुपात बुडवून ठेवले होते, वरण शेगडीवर, आणि स्वयंपाकघरात दोन पाट, दोन ताटं, पाण्याचे तांबे, सगळं मांडून वर झाकण. मला त्यांनी दाराजवळचा पाट दिला आणि हातात पेन्सिल. मग किरकिर सुरू झाली.

माणूस उतरताना बघण्यासारखा होतो. थरथरणारे हात बटणांवर आले की स्थिर. "दोन पुढे, डावीकडे. थांबा. ऐका. पटवारी आहे, लांब आहे." मी रेघा ओढत होते. दुसऱ्या मजल्यावर भिया पाठीमागून आला तेव्हा मी मोठ्यानं किंचाळले आणि भिंतीपलीकडून आमच्या ह्यांनी "काय झालं?" म्हणून विचारलं. तिसऱ्यावर तेल संपत आलं. चौथ्यावर मामंजींना चुकवून काका एका जिन्याशी येऊन उभे राहिले. खाली उतरायचं बटण त्यांनी दाबलं. कॅसेट फिरू लागली. मशीननं थोडा वेळ ऐकलं आणि पडद्यावर इंग्रजीत लिहिलं, की चूक आहे, वाचता येत नाही.

"म्हणू दे," काका म्हणाले. त्यांनी रेकॉर्डरची वायर काढली, फीत थोडी मागे घेतली आणि आवाज बारीक ठेवून बटण दाबलं.

काकूंनी माईंना नमस्कार केला. फिरतंय ना ते विचारलं. गुडघ्यांना कोणतं तेल लावता ते विचारलं. पापड गावच्या टेकरीवरच्या उन्हात छान वाळले म्हणाल्या. मग आवाजातला अवघडलेपणा गेला.

"तुझे जावई बरे आहेत. कारखान्यातून आले की त्या खोक्यात उतरतात. आता चौथ्या मजल्यावर आहेत, मघाशी मीच कागदावर काढलं. तिकडे त्यांना कोणी खात नाही बघ, माई, पण इकडे पोळी निवते." मग तोंड वळवून, जरा लांबून, "अहो, या आता वर. पानं घेतलीत."

आणि कॅसेटवर शांतता. फक्त बारीक टकटक, चाळीस वर्षांपूर्वीच्या बटणांची. कोणी तरी ऐकत नव्हतं. कोणी तरी भुयारात होतं.

"आलो," टिपणीसकाका म्हणाले, आणि रेकॉर्डर बंद केला.

मी मास्तरणीसारखा प्रश्न विचारला. कॅसेट तर थेट लावता येते, मग त्यासाठी अडीच तास चार मजले कशाला?

काकांना माझ्या अडाणीपणाचं नवल वाटलं. "अहो, तिनं हाक मारलीये ती खाली असलेल्या माणसाला. आधी खाली जायला नको?"

"आणि पुढे? पुढे काय आहे त्यावर?"

"पुढे तिची तक्रार आहे," ते म्हणाले. "बघितलंस माई, कानच नाहीत या माणसाला, असं म्हणते. बरोबरच आहे, त्या दिवशी मी उत्तर दिलं नव्हतं. आता देतो. म्हणून तक्रार येऊच देत नाही." आणि हात धुवायला गेले. नळ वाजला. मग आम्ही जेवलो, आणि बाफले इतके खुसखुशीत झाले होते की मी तीन खाल्ले.

त्याच आठवड्यात काकांना विचारून मी ते पत्र मोबाईलवर उतरवून घेतलं आणि पुण्याला त्यांच्या मुलीला पाठवलं. न जाणो, पुन्हा माझ्यासारखं कोणी शहाणं भेटलं तर.  काकांनी मात्र मोबाईलमध्ये एकदाही ऐकलं नाही. त्यांचा रविवार आहे तसा आहे. पाचव्या मजल्याची कॅसेट माझ्या कपाटात पडली आहे. मी निवृत्त झाले की बघू.

परवाच्या रविवारी मी पोळ्या करत होते आणि हे दारात पेपर घेऊन उभे होते. पलीकडची किरकिर थांबून बराच वेळ झाला होता. माझा हात आपोआप थांबला. मग भिंतीतून आलं, नेहमीसारखं, "आलो."

"कोणाला म्हणतात गं हे?" ह्यांनी आठ वर्षांत कितव्यांदा तरी विचारलं.

मी पोळी उलटली.

"जेवायला बोलावलंय त्यांना," मी म्हटलं. "तुम्हीही या. पानं घेतलीत."